आईच्या रकान्यात आईचंच नाव लिहा : पुण्यातल्या व्हिसा सल्लागारांना खुलं पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील सर्व व्हिसा सल्लागार, परदेशी शिक्षणाचे मार्गदर्शक आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारे एजंट

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एकाच्या ऑफिसात मध्यंतरी मला जे ऐकून घ्यावं लागलं, ते पोटात घालून गप्प बसणं मला जमलेलं नाही. त्या ऑफिसचं नाव लिहीत नाही. एकट्याचं नाव लिहिलं की बाकीचे 'आम्ही त्यातले नाही' म्हणून मोकळे होतात, आणि चार ठिकाणी विचारल्यावर कळलं की त्यातले बरेच आहेत.

माझी लेक अमेरिकेत असते. तिचं पहिलं बाळंतपण आहे. पुण्यातल्या आया या कामासाठी डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा बांधून विमानात बसतात, त्यात नवल काही नाही. आम्ही दोघंही चारचौघांसारखे डीएस-१६०, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, भरून घ्यायला गेलो. तो फॉर्म आमच्या वयाला घरी भरणं जिवावर येतं. जरा चष्मा शोधायला उठलं की पान बंद पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून लॉगिन. म्हणून पैसे मोजून तुमच्याकडे आलो.

कॉम्प्युटरवर बसलेला मुलगा चांगला होता. पटापट भरत होता. नातेवाइकांच्या पानावर आल्यावर प्रश्न आला, की आईवडील सोडून तुमचं कुणी जवळचं नातेवाईक अमेरिकेत आहे का? 'हो' केलं की पुढे नातं निवडायचं असतं : नवरा-बायको, वाग्दत्त जोडीदार, मूल, भावंड. मी 'मुलगी' म्हटलं. माझी फाइल टेबलावर उघडी होती. बँकेत उभी हयात गेल्यामुळे एका कामाला पाच कामांचे कागद नेण्याची सवय आहे, आणि सगळ्यात वर कोर्टाचा दत्तकाचा आदेश होता. तो त्याने वाचला आणि आतून साहेबांना बोलावलं.

साहेब उभ्याउभ्याच म्हणाले, "मॅडम, ही तुमची बायोलॉजिकल डॉटर नाही ना? मग इथे 'नो' करू. 'चाइल्ड' टाकलं तर उगाच इंटरव्ह्यूला प्रश्न येतात. कॉन्टॅक्टमध्ये नुसतं 'रिलेटिव्ह' टाकतो. आणि तिचे खरे पेरेंट्स कोण, ते काढून ठेवा. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी त्यांचीच नावं लागतील."

हे बोलणं भिंतीशी खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. यजमान खाली बघत राहिले. मी फॉर्म तिथेच थांबवायला सांगितला, फाइल उचलली आणि बाहेर आले. फी परत मिळाली नाही, ती मी सोडून दिली आहे. साहेबांनी एका दमात तीन चुका केल्या आणि तिन्ही आमच्या नावावर सरकारी कागदावर जाणार होत्या. त्या मात्र सोडून देता येत नाहीत.

आमची गोष्ट थोडक्यात. लेक सात महिन्यांची असताना, १९९३ साली, पुण्यातल्या एका संस्थेतून आमच्या घरी आली. तेव्हा दत्तकाच्या ऑनलाइन नोंदणीचं सरकारी कारिंग्ज पोर्टल नव्हतं. संस्था मुलीची पालक, आणि पालकाने मूल दत्तक द्यायचं तर आधी कोर्टाची परवानगी लागते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या नवव्या कलमात ते आहे. शिवाजीनगरच्या कोर्टात आमचे पगार, तब्येती, घर, सासूबाईंचं मत, सगळं कागदावर आलं. या व्यवहारात कुणी कुणाला पैसे दिलेले नाहीत ना, हेही कोर्ट पाहतं, कारण तेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. मग दत्तकपत्राची नोंदणी झाली, महापालिकेकडून आमच्या नावांचा जन्मदाखला मिळाला. त्यानंतर शाळा, रेशनकार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा, सगळीकडे आई म्हणून माझं आणि वडील म्हणून यांचं नाव आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी 'नो' करू म्हणालं, ते तुमच्या ऑफिसात.

आता त्या तीन चुका एकेक करून.

पहिली चूक, ती आमची मुलगीच नाही असं धरण्याची. तुमच्या टेबलावर कुणी तरी त्या १९५६ च्या कायद्याचं बारावं कलम छापून ठेवायला हवं. दत्तकाच्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचं मूल समजलं जातं, जन्माच्या घरातली नाती तुटतात आणि त्यांच्या जागी दत्तक घरातली नाती येतात. कलमाला अपवाद आहेत. जन्माच्या घरात ज्यांच्याशी लग्न चाललं नसतं त्यांच्याशी दत्तकानंतरही चालत नाही, आणि आधीच मुलाच्या नावावर झालेली मालमत्ता त्याच्याकडेच राहते. व्हिसाचा फॉर्म हा अपवाद मला त्या कलमात सापडला नाही. पंधरावं कलम सांगतं की रीतसर झालेलं दत्तक आईवडिलांना मोडता येत नाही आणि मुलालाही ते टाकून परत जाता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली दत्तक झालं असेल तर त्याचं त्रेसष्टावं कलम आहे. मूल जणू त्याच आईवडिलांच्या पोटी जन्मलं, असं ते म्हणतं.

"हे झालं इंडियाचं, अमेरिका वेगळं बघते," असं साहेब जाताजाता म्हणाले. अमेरिका काय बघते तेही मी वाचलं. तिथल्या इमिग्रेशन कायद्यात मुलाच्या व्याख्येतच दत्तक मूल आहे. सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आत दत्तक झालेलं असावं आणि किमान दोन वर्षं दत्तक आईवडिलांच्या कायदेशीर ताब्यात, त्यांच्यासोबत राहिलेलं असावं. आमची लेक शिकायला जाईपर्यंत आमच्याच घरात होती. तेव्हा त्या पानावर बरोबर उत्तर एकच, 'हो' आणि 'मूल'. शिवाय टुरिस्ट व्हिसाच्या या फॉर्मात मूल दत्तक आहे की कसं, असा प्रश्नच नाही. जो प्रश्न अमेरिकेच्या सरकारने विचारला नाही, तो पुण्यातल्या एका गाळ्यात मोठ्या आवाजात विचारला गेला.

दुसरी चूक 'नो' करण्याची. त्याने काय झालं असतं, तेही बघा. लेकीने पाठवलेल्या निमंत्रणपत्रात 'माझी आई' आणि 'माझे वडील' असं लिहिलेलं आहे. तिच्या जुन्या विद्यार्थी व्हिसाच्या फॉर्मात आईवडील म्हणून आमचीच नावं आहेत, आणि ती माहिती त्यांच्याकडे आहे. म्हणजे मुलगी म्हणते ही माझी आई, आणि आई सही करून सांगते की अमेरिकेत माझं जवळचं कुणी नाही. समोर बसलेल्या अधिकाऱ्याने यातून काय समजायचं? साहेबांना प्रश्न टाळायचे होते आणि ते तर प्रश्नांचीच सोय करत होते. खोटी माहिती देऊन व्हिसा मागितला असं ठरलं, तर अमेरिकेत कायमची प्रवेशबंदी लागू शकते आणि मग माफीसाठी वेगळा अर्ज करत बसावं लागतं. कॅनडात पाच वर्षांची बंदी आहे. ब्रिटनमध्ये फसवणूक केली असं ठरलं तर दहा वर्षांपर्यंत. बाळाची मुंज जवळ आली तरी आजी पुण्यातच.

तिसरी चूक ग्रीन कार्डची. नागरिकत्व मिळालेल्या आणि एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी आय-१३० नावाचा अर्ज करता येतो. त्यात नातं कसं आहे ते निवडायच्या चौकटी असतात, आणि दत्तक नात्यासाठी वेगळी चौकट छापलेली आहे. तिथे खूण करायची आणि दत्तकाचा आदेश, ताब्याचे नि एकत्र राहिल्याचे पुरावे जोडायचे. जन्मदात्यांची नावं आणून कुणाचं काम होईल? उलट तिथला कायदा असा आहे की दत्तकाचं नातं इमिग्रेशनसाठी मान्य झालं, की जन्मदात्या आईवडिलांना त्या नात्याच्या जोरावर कोणताही लाभ मिळत नाही. साहेबांनी ज्यांची नावं काढून ठेवायला सांगितलं, त्यांच्या नावाने केलेला अर्ज चालला नसता, आणि ज्यांच्या नावाने चालला असता त्यांना साहेब 'रिलेटिव्ह' करत होते.

आणि ही नावं आम्ही काढायची तरी कुठून? सोडून दिलेल्या किंवा संस्थेकडे सोपवलेल्या मुलांची माहिती गोपनीय असते, आणि ती तशी असण्याला कारणं आहेत. दत्तक गेलेल्या मुलाला आपली मुळं शोधायचा हक्क नियमांनी दिलेला आहे. अठरा वर्षांनंतर ते स्वतः संस्थेकडे किंवा दत्तक प्राधिकरणाकडे विचारू शकतं. विचारायचं की नाही आणि कधी, हे त्या मुलाने ठरवायचं. व्हिसाच्या फाइलमध्ये एक रकाना रिकामा दिसतो म्हणून तुम्ही ते ठरवायचं नाही.

आता एक गोष्ट, जी तुमच्या लक्षात यायलाच हवी होती, कारण तुम्ही मराठी माणसांचे फॉर्म रोज भरता. आपल्याकडे माणसाच्या नावातच बापाचं नाव असतं. माझ्या लेकीच्या पासपोर्टवर तिच्या नावापुढे यांचं नाव आहे. लग्नानंतर तिने ते बदललं नाही, त्यावरून तिच्या सासरी थोडी कुरकुर झाली, ते असो. आता नावाच्या रकान्यात यांचं नाव आणि वडिलांच्या रकान्यात भलत्याच माणसाचं, असा फॉर्म कुणी भरला तर तो पहिल्या पानावरच अडकेल. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं छापलेली आहेत ती वेगळीच.

मी एकटीच असते तर कदाचित हे पत्र लिहिलं नसतं. पण नंतर दत्तक पालकांच्या आमच्या ओळखीच्या घरांत विषय काढला आणि एकेकाच्या तोंडून एकेक बाहेर आलं.

सिंहगड रोडवरच्या एका घरातला मुलगा कॅनडाला शिकायला निघाला होता. तो दत्तक आहे हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याच्या मित्रांना माहीत नव्हतं. सल्लागाराकडे तो वर्गमित्रासोबत गेला. दोघांच्या खुर्च्या शेजारी, दोघांचे फॉर्म एकाच टेबलावर. कौटुंबिक माहितीचा फॉर्म भरताना बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "अरे, तू अडॉप्टेड आहेस? मग फादरमध्ये कुणाचं नाव टाकू?" मित्र काही बोलला नाही. मुलगाही बोलला नाही. घरी येऊन त्याने आईला एवढंच सांगितलं की दुसरा एजंट बघू. कॅनडाच्या त्या फॉर्मात मुलांची नावं भरताना दत्तक आणि सावत्र मुलंही लिहा असं छापून दिलेलं आहे. ज्या देशाच्या फॉर्मात दत्तक मुलांची एवढी स्वच्छ नोंद मागितली आहे, तिथे दत्तक बापाचं नाव लिहायला या बाईंचा हात अडखळला.

कॅनडाचं निघालं आहे तर त्याच देशाबद्दल आणखी एक. पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, अर्ज करणाऱ्या जोडप्याला "दत्तक मूल आत्ता दाखवू नका, केस लांबते, नंतर बोलावून घ्या" असा सल्ला तुमच्यातले काही जण देतात. तिथला नियम असा आहे की पीआर घेताना ज्या मुलाचं नाव कळवलं नाही आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंबातला म्हणून बोलावता येत नाही. मागाहून सवलतीच्या दारांत उभं राहावं लागतं. केस चार महिने लांबेल म्हणून मूल मागे ठेवायला सांगणारा माणूस रात्री झोपतो कसा, हे मला कळत नाही.

धायरीच्या एका तरुण जोडप्याने दोन वर्षांपूर्वी रीतसर कारामार्फत, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत, बाळ घेतलं. त्यांना एका ठिकाणी सांगितलं गेलं की हा कोर्टाचा आदेश नाही, कोर्टाचा आणा. बरोबर आहे, तो कोर्टाचा नाहीच. १ सप्टेंबर २०२२ पासून बाल न्याय कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि दत्तकाचे आदेश जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर, देतात. त्या बिचाऱ्यांनी वकील गाठला, फी भरली, आणि वकिलाने सांगितलं की तुमच्या हातात आहे तोच आदेश. ज्या धंद्यात कागद हाच माल, त्या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक नसावं?

घरातल्या घरात झालेल्या दत्तकांची तऱ्हा निराळी. धाकट्या दिराचा मुलगा मोठ्या जावेच्या मांडीवर दिला, पाच नातेवाइकांसमोर देणं-घेणं झालं, जेवणावळ झाली आणि संपलं. कायद्याने असं दत्तक खरं असू शकतं, कारण त्याला दत्तहोम लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही. मूल पंधरा वर्षांच्या आतलं हवं, आणि प्रत्यक्ष देणं-घेणं झालेलं हवं. पण अशा घरांत कागद नसतो. पासपोर्ट मिळतो, कारण परराष्ट्र खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल केले. देशांतर्गत दत्तकासाठी नोंदणीकृत दत्तकपत्राचा आग्रह सोडला, आणि पत्र नसेल तर साध्या कागदावरचं निवेदन चालतं असं ठरलं. चांगला निर्णय होता. घोटाळा पुढे होतो. लोकांना वाटतं पासपोर्ट झाला म्हणजे दत्तक सिद्ध झालं, आणि तुम्ही त्यांना तसंच वाटू देता. आय-१३० च्या वेळी पासपोर्टवरचं नाव पुरत नाही. तिथे आदेश किंवा दत्तकपत्र लागतं. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने सही केलेलं नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर आपल्या कोर्टांनी दत्तक रीतसर झालं असं गृहीत धरावं, असं १९५६ च्या कायद्याचं सोळावं कलम सांगतं. एका कागदाची ही ताकद मुलगा दहा वर्षांचा असताना सांगितलीत तर उपयोग. तो तिशीला आल्यावर तुम्ही सांगता ते वेगळंच असतं : "जुन्या तारखेचा स्टॅम्प पेपर बघू का?"

तो स्टॅम्प पेपर बघू नका. त्याला बनावट दस्तऐवज म्हणतात आणि त्याच्यावर सही तुमची नसते.

याच माळेतला दुसरा मणी म्हणजे 'अमेरिकेतल्या काकांनी दत्तक घेतलं की ग्रीन कार्ड'. बारावी झालेला सतरा वर्षांचा पुतण्या, न्यू जर्सीतले काका, आणि तुमच्या ओळखीच्या नोटरीकडे अर्ध्या तासात दत्तकपत्र. पंधरा वर्षांची आपली अट गेली, सोळा वर्षांची त्यांची अट गेली, दोन वर्षं सोबत राहणं तर कधी झालंच नाही. शिवाय आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार भारताला २००३ पासून आणि अमेरिकेला २००८ पासून लागू आहे. परदेशातल्या नातेवाइकाने दत्तक घ्यायचं तर त्याला कारामार्फतची ठरलेली वाट आहे. असली प्रकरणं तुम्ही विकता आणि त्यामुळे माझ्या लेकीसारख्यांच्या सरळ कागदांकडेही संशयाने पाहिलं जातं. या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

माझी एक मैत्रीण आहे, बँकेतलीच, कॅम्पात राहते. ख्रिश्चन आहे. तिने आमच्या पाठोपाठच मुलगा घेतला, त्याच संस्थेतून. पण हिंदू दत्तक कायदा तिला लागू नव्हता. तिच्या हाती आला तो १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा आदेश. ती आई नव्हे, कायद्याने पालक, आणि तेसुद्धा मुलगा अठराचा होईपर्यंत. सर्व धर्मांच्या लोकांना दत्तक घेण्याची वाट पुढे बाल न्याय कायद्याने मोकळी केली, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तोवर तिचा मुलगा मोठा झाला होता. तिला तुमच्यातल्या एकाने सांगितलं, "सगळं सेमच असतं, मदर टाका." माझ्या बाबतीत आई असताना 'आई' लिहायचं नाही, आणि तिच्या बाबतीत कायद्याचा कागद वेगळं सांगत असताना बेधडक लिहायचं. दोन्हीकडे आदेश वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. तिच्या आईपणाबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. कायद्याने तिच्यावर आणि कॅम्पातल्या, नाना पेठेतल्या तिच्यासारख्या अनेकींवर अन्याय केला. पण तो अन्याय फॉर्ममध्ये अंदाजाने शब्द टाकून भरून निघत नाही. तिथे इमिग्रेशनचा जाणकार वकील लागतो, आणि तसं तोंडावर सांगण्यात कमीपणा नाही.

आता शेवटची तक्रार, थोडी तांत्रिक. डीएस-१६० च्या शेवटी प्रश्न असतो, हा अर्ज भरताना तुम्हाला कुणी मदत केली का? तुमच्याकडे तिथे सर्रास 'नाही' होतं. आमच्या ओळखीत ज्यांच्या ज्यांच्याकडे भरलेल्या फॉर्मची प्रत होती, त्यांनी बघितलं. सल्ला तुमचा, फी तुमची, आणि कागदावर तुम्ही अस्तित्वातच नाही. सही करताना माणूस जाहीर करतो की आत लिहिलेलं सगळं खरं आहे. त्या जाहीर करण्याखाली तुमचं नाव येऊ द्या. ते यायला लागलं की 'नो करू' म्हणण्याआधी तुम्ही दोनदा विचार कराल, अशी मला खात्री आहे.

तर मागण्या अशा.

आईवडिलांच्या रकान्यात कायद्याने जे आईवडील आहेत त्यांची नावं लिहा, मुलांच्या रकान्यात दत्तक मुलांची नावं लिहा, आणि सगळ्या फॉर्मांत ती एकसारखी ठेवा. फॉर्मने स्वतः दत्तकाबद्दल किंवा जन्माबद्दल विचारलं असेल तिथेच त्याचं उत्तर द्या, आणि तेही खरं द्या. काही लपवा असं मी म्हणत नाही. न विचारलेलं उकरू नका, एवढंच म्हणते.

हे प्रश्न विचारायची वेळ आलीच तर दार लावून विचारा. शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं आहे ते आधी बघा. दत्तकाचे आदेश व्हॉट्सअॅपवर मागवू नका आणि काम झाल्यावर त्यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात ठेवू नका. त्या आदेशांत बाळाबद्दल अशा गोष्टी लिहिलेल्या असतात ज्या आम्ही आमच्या सख्ख्या भावंडांनाही सांगितलेल्या नाहीत.

तुमच्याकडे फॉर्म भरायला बसणाऱ्या पोरांना एक दिवस बसवून शिकवा : कोर्टाचा आदेश, कलेक्टरचा आदेश, नोंदणीकृत दत्तकपत्र आणि पालकत्वाचा आदेश यांत फरक काय. सगळे तिसऱ्या वर्षाला असलेले कॉलेजचे विद्यार्थी असतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. शिकवणारा वकील मिळत नसेल तर कळवा, आमच्या ओळखीत आहेत आणि ते फी घेणार नाहीत.

घरातल्या दत्तकाचं कुटुंब समोर आलं, की व्हिसाचं काम असो वा नसो, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवण्याबद्दल आधी सांगा. आधीच उशीर झाला असेल तर दिवाणी वकिलाकडे पाठवा. जुन्या तारखा आणि परदेशी काका हे दोन धंदे बंद करा.

अर्जावर 'मदत केली' असं लिहून स्वतःचं नाव घाला. चुकीच्या सल्ल्यामुळे अर्ज बिघडला तर फी परत करण्याची अट पावतीवर छापा. तशी अट छापणाऱ्यांची यादी आम्ही पालक आमच्या गटात फिरवू. न छापणाऱ्यांची यादी करत बसायची गरज पडणार नाही.

आमचा फॉर्म शेवटी मी घरीच भरला. पान तीनदा बंद पडलं. नातेवाइकांच्या पानावर 'हो' केलं, 'मूल' निवडलं. मुलाखत अजून व्हायची आहे. अधिकाऱ्याने विचारलं तर आदेश फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. नाही विचारलं तर तो तसाच परत कपाटात जाईल.

या पत्राला उत्तर द्यायचं असेल तर ते मला खासगीत देऊ नका. तुमच्या ऑफिसच्या दारावर लावा, म्हणजे फाइल घेऊन आत येणाऱ्या पुढच्या आईला ते बसायच्या आधी वाचता येईल.

आपली,
कोथरूडची एक निवृत्त बँक कर्मचारी